गरोदरपणातल्या पहिल्या तपासण्या आणि पुढचे धोके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी होते, रक्त दिलं जातं आणि काही दिवसांनी आकड्यांनी भरलेला कागद हातात येतो. खरे प्रश्न तिथून सुरू होतात. ‘हाय रिस्क’ एवढे दोन शब्द वाचून रात्ररात्र जागणाऱ्या बायका असतात, तशाच ‘लो रिस्क’ वाचून पुढचं बीपी मोजून घ्यायचं विसरणाऱ्याही असतात. दोघींसाठी ही उत्तरं सविस्तर लिहिली आहेत. तुमची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ती घेऊ शकत नाहीत. त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं, हे मात्र यातून नक्की कळेल.

त्रास होतो सातव्या-आठव्या महिन्यात. मग तिसऱ्याच महिन्यात एवढ्या तपासण्या कशाला?

पूर्वी डॉक्टरही असंच मानत. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने १९२९ साली गरोदर स्त्रीच्या तपासण्यांचं एक वेळापत्रक ठरवलं: पहिली भेट १६व्या आठवड्यात, मग २४ आणि २८व्या आठवड्यात, त्यानंतर ३६व्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे दर आठवड्याला. त्रास शेवटी दिसतो, म्हणून लक्षही शेवटीच ठेवायचं, असा तो हिशेब होता. हाच साचा पुढे कितीतरी देशांनी उचलला. २०११ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले प्रा. किप्रॉस निकोलायडिस यांनी शेवटी भेटी वाढवत नेणारा हा मनोरा उलटा करावा असं मांडलं. ११ ते १३ आठवड्यांतच सखोल तपासणी करायची आणि त्यावरून पुढे कोणावर किती लक्ष ठेवायचं ते ठरवायचं.

यामागचं कारण वारेत आहे. वार म्हणजे प्लॅसेंटा. बाळाला आईकडून प्राणवायू आणि पोषण मिळतं ते तिच्यातून. गर्भपिशवीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या मुळात बारीक आणि पिळदार असतात. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत वारेच्या पेशी या वाहिन्यांत शिरतात आणि त्यांच्या भिंतीतले स्नायू काढून त्यांना रुंद, सैल करतात, म्हणजे भरपूर रक्त शांतपणे वाहू लागतं. हे काम पाचव्या महिन्यापर्यंत बरंचसं उरकलेलं असतं. ते अर्धवट राहिलं तरी त्या वेळी आईला काहीच जाणवत नाही. बाळ लहान असतं, त्याची गरज भागते. पुढे बाळ मोठं होतं, मागणी वाढते आणि पुरवठा कमी पडायला लागतो. ताणाखाली आलेल्या वारेतून आईच्या रक्तात असे पदार्थ मिसळतात की तिच्या साऱ्या रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो. बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जातात, बाळाची वाढ मंदावते.

म्हणजे आठव्या महिन्यात दिसणाऱ्या दुखण्याची सुरुवात बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच झालेली असते. काही करता येण्यासारखं असतं तेही याच काळात. या पानावरचं बाकी सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

११ ते १३ आठवडे ६ दिवस, इतकी नेमकी मुदत का?

या काळात बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी साधारण ४५ ते ८४ मिलिमीटर असते. मानेमागचा द्रव मोजायला (त्यालाच एनटी म्हणतात) हाच आकार योग्य ठरतो. आधी गेलात तर बाळ फार लहान असतं, आणि उशीर झाला तर तो द्रव ओसरायला लागतो.

ही लांबी मोजून प्रसूतीची तारीखही पक्की करतात. ती गोष्ट किरकोळ वाटते, पण तशी नाही. रक्तातल्या मार्करचे (धोक्याचा अंदाज देणाऱ्या द्रव्यांचे) आकडे दिवसागणिक बदलतात, त्यामुळे आठवडे चुकले की निष्कर्षही चुकतो. पुढे ३२व्या आठवड्यात ‘बाळ लहान आहे’ असं कुणी म्हटलं, तर ते खरंच लहान आहे की तारीखच चुकली आहे, हे याच पहिल्या मापावरून कळतं. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर ही सोनोग्राफी चुकवूच नका.

या एका भेटीत नक्की काय काय पाहतात?

सोनोग्राफीची आणि रक्ताची चर्चा सगळे करतात, पण सगळ्यात जास्त सांगून जाते ती तुमची माहिती. वय किती, हे कितवं बाळंतपण, मागच्या वेळी बीपी वाढलं होतं का, बाळ वेळेआधी झालं होतं का, पोटात बाळ गेलं होतं का, आई किंवा बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता का, तुम्हाला मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार आहे का, गर्भ आयव्हीएफने राहिला का. बऱ्याच जणी यातल्या निम्म्या गोष्टी संकोचाने सांगत नाहीत, किंवा सासरच्या माणसांसमोर मागचा गर्भपात सांगायला नको म्हणून टाळतात. अशा वेळी डॉक्टरांना सरळ म्हणा, ‘मला दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय.’ ही मागणी रास्त आहे आणि ती मान्य व्हायलाच हवी.

बाकी वजन, उंची, बीपी, हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर, थायरॉइड, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस आणि लघवीची तपासणी होते. लघवीतला जंतुसंसर्ग काहीही त्रास न देता लपून असू शकतो आणि पुढे मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो, म्हणून जळजळ नसली तरी लघवी तपासतात. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध तुमच्या शरीरात प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून ते असतं) आत्ताच विचारून ठेवा. ते साधारण २८व्या आठवड्यात देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात.

डबल मार्कर डाऊन सिंड्रोमसाठी असतो ना? पुढच्या त्रासाशी त्याचा काय संबंध?

मूळ हेतू तोच आहे: बाळात एक क्रोमोसोम (गुणसूत्र) जास्त असल्याने होणाऱ्या डाऊन सिंड्रोमची शक्यता पाहणं. पण रक्ताच्या या तपासणीत मोजली जाणारी दोन्ही द्रव्यं, पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी, वारेतूनच येतात. त्यामुळे वार कशी रुजते आहे याचाही थोडासा अंदाज त्यांवरून येतो. त्यातही पॅप-ए महत्त्वाचं.

रिपोर्टमध्ये आकड्यासमोर ‘एमओएम’ असं लिहिलेलं असतं. तितक्याच आठवड्यांच्या गरोदर स्त्रियांमध्ये जो मधला आकडा असतो त्याला १ धरायचं, आणि तुमचा आकडा त्याच्या किती पट आहे ते म्हणजे एमओएम. १.० म्हणजे अगदी मधोमध. ०.४ म्हणजे मधल्या आकड्याच्या चाळीस टक्के. बाळाचे क्रोमोसोम व्यवस्थित असूनही पॅप-ए साधारण ०.४ च्या खाली असेल, तर बाळाची वाढ कमी होणं, प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार, त्याबद्दल पुढे सांगितलं आहे) आणि वेळेआधी प्रसूती यांची शक्यता थोडी वाढलेली असते.

‘थोडी’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पॅप-ए कमी असलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळं चांगल्या वजनाची आणि वेळेवर होतात. पॅप-ए वाढवणारी कुठलीही गोळी नाही, म्हणून ते वाढवण्याच्या मागे लागू नका. या आकड्याचा उपयोग एवढाच की तिसऱ्या तिमाहीत बाळाच्या वाढीसाठी एक-दोन सोनोग्राफी जास्त करायच्या आणि बीपीवर बारीक नजर ठेवायची. धूम्रपानाने पॅप-ए कमी येतं, वजन जास्त असलं तरी कमी येतं, जुळ्यांमध्ये जास्त येतं. म्हणून फॉर्मवर वजन, आठवडे आणि बाळांची संख्या बरोबर लिहिली आहे ना, हे तुम्ही स्वतः वाचून पाहा. नुसतं वजन चुकीचं लिहिल्याने रिपोर्ट बदलू शकतो.

माझा रिपोर्ट ‘हाय रिस्क, १:१५०’ आला. बाळाला नक्की काहीतरी आहे का?

नाही. या आकड्याचा अर्थ असा, की तुमच्यासारखेच आकडे आलेल्या १५० स्त्रिया एकत्र केल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि १४९ जणींच्या बाळांना नसेल. हा स्क्रीनिंगचा निकाल आहे. पुढे तपासायला कोणाला बोलवायचं, एवढंच तो सांगतो. निदान करणं हे त्याचं काम नाही.

वयाचाही यात मोठा वाटा असतो. विसाव्या वर्षी ही शक्यता साधारण १,५०० मध्ये १, पस्तिसाव्या वर्षी सुमारे ३५० मध्ये १ आणि चाळिसाव्या वर्षी जवळपास १०० मध्ये १ असते. म्हणून चाळिशीतल्या बाईचे मार्कर चांगले असूनही ‘हाय’ येऊ शकतो आणि विशीतल्या बाईचा ‘लो’ आला तरी बाळाला दोष असू शकतो.

पुढे दोन वाटा आहेत. एक एनआयपीटी: आईच्या दंडातून रक्त घेऊन त्यात तरंगणारे वारेचे डीएनए तुकडे तपासतात. आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए सापडतो हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं आणि त्यातूनच ही तपासणी उभी राहिली. डाऊन सिंड्रोमच्या ९९ टक्क्यांच्या आसपास गर्भांमध्ये ती तो पकडते. तरी तीही स्क्रीनिंगच आहे. डीएनए वारेतून आलेला असतो आणि क्वचित वारेत दोष असतो, बाळात नसतो. दुसरी वाट म्हणजे पक्कं निदान: ११ ते १४ आठवड्यांत वारेचा कण घेणं, म्हणजे सीव्हीएस, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल काढणं. ‘सुईने गर्भपात होतो’ ही भीती फार खोल बसलेली आहे. सरावाच्या हातांनी केल्यास हा जादा धोका दोनशे जणींत एकीपेक्षाही कमी मानला जातो. तो शून्य नाही, हेही खरं. सुई टोचून घ्यायची की नाही हा निर्णय तुमचा आहे. आणि नुसत्या स्क्रीनिंगच्या कागदावर गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नका.

एनआयपीटी नॉर्मल आली. मग एनटी स्कॅन आणि बाकीचं सोडून दिलं तर चालेल?

चालणार नाही. एनआयपीटी क्रोमोसोमबद्दल बोलते. बाळाचं हृदय कसं आहे, कवटी आणि पोटाची भिंत नीट तयार झाली आहे का, गर्भ एक आहे की दोन, वारेचा रक्तपुरवठा कसा आहे, तुमचं बीपी किती आहे, यांतलं काहीही ती सांगत नाही.

प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका इतक्या आधी ओळखतात तरी कसा?

आधी हा आजार काय ते सांगते. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर जातं आणि सोबत लघवीत प्रथिनं किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट, मेंदू यांवर परिणाम दिसतो, त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. जगभरात १०० गरोदर स्त्रियांपैकी २ ते ८ जणींना तो होतो. वेळेत सावरला नाही तर झटके येतात, आणि आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. वार बाहेर येणं हाच त्याचा खरा इलाज, म्हणून तो लवकर झाला की बाळाला अपुऱ्या दिवसांचं बाहेर काढावं लागतं. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ३७ आठवड्यांच्या आत होणाऱ्या प्रकारात.

धोका ओळखायला चार गोष्टी एकत्र करतात. पहिली तुमची माहिती. दुसरं बीपीची सरासरी: खालच्या आकड्यात दोन्ही आकड्यांच्या फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा. १२०/७५ असेल तर फरक ४५, त्याचा तिसरा भाग १५, म्हणून सरासरी ९०. तिसरं, सोनोग्राफीतला डॉप्लर: गर्भपिशवीला रक्त नेणाऱ्या दोन्ही धमन्यांत प्रवाहाला किती अडथळा होतो आहे ते मोजतात. चौथं रक्तातलं पीएलजीएफ, म्हणजे वारेतून येणारं आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन. ते कमी असेल तर वार नीट रुजत नसल्याची शंका येते.

या चारींचा मेळ घातला, तर वेळेआधी होणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियाच्या दर चार स्त्रियांपैकी साधारण तिघी आधीच ओळखता येतात. त्यासाठी दहातल्या एकीला ‘हाय रिस्क’ म्हणावं लागतं. नुसत्या माहितीच्या यादीवरून जेमतेम चाळीस टक्के ओळखल्या जातात. मात्र दिवस भरल्यावर होणारा प्रकार या चौघांनाही चकवतो आणि त्यातले निम्म्याहून जास्त हातून निसटतात.

डॉप्लर आणि पीएलजीएफची सोय जवळ नसेल तरी हात बांधलेले नाहीत. मागच्या गरोदरपणात बीपीचा त्रास, आधीपासूनचा उच्च रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार, ल्युपस किंवा अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम (रक्तात गाठी होण्याचा एक विकार), यांपैकी एकही असेल तर तुम्ही जोखमीच्या गटात आहात. पहिलंच गरोदरपण, चाळिशी ओलांडलेली, मागच्या गरोदरपणाला दहा वर्षांहून जास्त झालेली, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, आई-बहिणीला हाच त्रास, पोटात जुळी, यांपैकी दोन किंवा जास्त असतील तरीही डॉक्टरांशी बोला.

ॲस्पिरिन सुरू करा म्हणाले. गरोदरपणात ॲस्पिरिन? बाळाला काही होणार नाही ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि यावरच बऱ्याच गोळ्या न घेता तशाच पडून राहतात. म्हणून सविस्तर सांगते.

२०१७ साली ‘ॲस्प्रे’ नावाच्या चाचणीचे निकाल आले. सहा देशांतल्या १३ रुग्णालयांत, पहिल्या तिमाहीत हाय रिस्क ठरलेल्या १,७७६ स्त्रियांना दोन गटांत वाटलं. एका गटाला रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. ११ ते १४ आठवड्यांत सुरुवात आणि ३६ आठवड्यांपर्यंत. ३७ आठवड्यांच्या आत प्री-एक्लॅम्प्सिया झाला तो औषधाविना गटात ४.३ टक्के जणींना आणि ॲस्पिरिनच्या गटात १.६ टक्के जणींना. म्हणजे हा धोका ६२ टक्क्यांनी उतरला. गोळ्या जवळपास न चुकवता घेतलेल्यांमध्ये फायदा आणखी जास्त दिसला. दिवस भरल्यानंतरचा प्री-एक्लॅम्प्सिया मात्र या गोळीने लक्षणीयरीत्या कमी झाला नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं.

यातला ४.३ हा आकडा पुन्हा वाचा. ‘हाय रिस्क’ ठरलेल्या आणि काहीही औषध न घेतलेल्या शंभर स्त्रियांपैकी ९५ हून अधिक जणींना वेळेआधीचा प्री-एक्लॅम्प्सिया झालाच नाही. हाय रिस्क म्हणजे काय, ते याहून चांगलं सांगता येणार नाही.

डोसाबाबत वेगवेगळ्या देशांच्या मार्गदर्शक सूचना ७५ ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान आहेत. तुमचा डोस डॉक्टर ठरवतील. सुरुवात १६ आठवड्यांच्या आत झालेली बरी, कारण रक्तवाहिन्या रुंद करण्याचं काम तोवर चालू असतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात अल्सर, रक्तस्रावाचा विकार असेल तर आधी सांगा. आणि एक घोटाळा टाळा: अंगदुखीसाठी घेतात त्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि ही कमी डोसाची ॲस्पिरिन एकच नव्हेत. तसल्या वेदनाशामक गोळ्या विशेषतः २० आठवड्यांनंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

बीपी मोजण्यात चूक होऊ शकते का?

फार वेळा होते. जिना चढून आल्या आल्या, गप्पा मारत, पाय लोंबकळत ठेवून घेतलेलं बीपी खरं नसतं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. पहिल्या तिमाहीत एकदा तरी दोन्ही हातांचं बीपी घ्यावं. आणि आकडा विचारून आपल्या फाईलवर लिहून ठेवा. ‘नॉर्मल आहे’ एवढ्यावर उठू नका.

एनटी जास्त आला, पण क्रोमोसोम नॉर्मल निघाले. आता काळजी संपली?

बरीचशी संपली, पूर्ण नाही. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर क्रोमोसोम ठीक असतानाही हृदयाच्या रचनेत दोष असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. म्हणून १८ ते २२ आठवड्यांतल्या ॲनॉमली स्कॅनसोबत (बाळाचे अवयव नीट घडले आहेत का ते पाहणारी सोनोग्राफी) बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करून घेतात. ती व्यवस्थित आली तर बहुतेक बाळं पुढे निरोगी असतात.

जुळी आहेत. त्यांच्यासाठी काही वेगळं?

दोघांची वार एकच आहे की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांत सगळ्यात स्पष्ट दिसतं. पुढे ते ठरवणं अवघड होत जातं, म्हणून ही नोंद रिपोर्टवर आहे का ते पाहा आणि नसेल तर त्याच आठवड्यात विचारा. एकच वार असलेल्या जुळ्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांमध्ये एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ लागतं. हे वेळेत लक्षात यावं म्हणून त्यांची सोनोग्राफी १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करतात.

शुगर पहिल्या भेटीतच का तपासतात? ती तर सहाव्या महिन्यात करतात ना?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरोदरपणातला मधुमेह शोधायची नेहमीची ग्लुकोजची चाचणी २४ ते २८ आठवड्यांत होते. पण काही जणींना गर्भ राहण्याच्या आधीपासूनच मधुमेह असतो आणि त्यांना तो माहीतच नसतो. बाळाचे अवयव घडत असताना वाढलेली शुगर जास्त घातक, म्हणून तो लवकर पकडायचा. पहिल्या तिमाहीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा आकडा) ६.५ टक्के किंवा वर असेल तर तो आधीचाच मधुमेह समजतात. लवकरची शुगर चांगली आली तरी सहाव्या महिन्यातली चाचणी करायचीच.

बाळ वेळेआधी होईल का, हे तिसऱ्या महिन्यात कळतं?

फारसं नाही. मागचं बाळंतपण वेळेआधी झालं होतं का, हीच आत्ता हाती असलेली सगळ्यात उपयोगी माहिती. गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजण्याची वेळ नंतरची, साधारण १८ ते २४ आठवड्यांची. ती योनीमार्गाच्या सोनोग्राफीने मोजतात आणि २५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा उपयोग होतो. काही जणींना त्या तोंडाला टाका घालावा लागतो. तुमचं मागचं बाळंतपण लवकर झालं असेल तर हे माप कधी घेणार, ते पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

आधी सिझेरियन झालंय. लवकर काय पाहायला हवं?

पाळी चुकल्यावर लवकर, सहा-आठ आठवड्यांत एक सोनोग्राफी. गर्भ जुन्या टाक्याच्या जागी रुजलेला नाही ना, ते तेव्हा सगळ्यात नीट दिसतं. क्वचितच असं होतं, पण झालं तर वार गर्भपिशवीच्या भिंतीत खोल घुसते आणि पुढे जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

पूर्ण झोपून राहिले, मीठ बंद केलं तर धोका कमी होईल?

घरोघरी हाच सल्ला मिळतो आणि तो प्रेमापोटीच दिलेला असतो. पण प्री-एक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी घरी सक्तीने झोपून राहण्याचा किंवा मीठ तोडण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना यासाठी ते करायला सांगत नाही. उलट दिवसेंदिवस आडवं राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचाही यासाठी उपयोग नाही. आहारात कॅल्शियम कमी असेल तर मात्र रोज १.५ ते २ ग्रॅम कॅल्शियम देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. हे प्रमाण विभागून घ्यायचं असतं आणि लोहाच्या गोळीसोबत घ्यायचं नसतं.

सगळं ‘लो रिस्क’ आलं. आता निर्धास्त?

आनंद माना, पण पुढच्या तारखा पाळा. वर सांगितलंच आहे की दिवस भरताना होणारा प्री-एक्लॅम्प्सिया या तपासणीत बऱ्याचदा पकडला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गरोदरपणात किमान आठ भेटी सांगितल्या आहेत, त्या सगळ्यांसाठी आहेत.

न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, बरगड्यांखाली उजवीकडे किंवा मधोमध जोराचं दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी होणं, रक्त जाणं, पाणी जाणं, यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच जा. ‘लो रिस्कचा रिपोर्ट आहे’ म्हणून कुणी परत पाठवू लागलं, तर बीपी आणि लघवी तपासल्याशिवाय उठू नका. बीपी १६०/११० किंवा वर असेल तर ती तातडीची वेळ आहे.

मला पाळी चुकल्याचं उशिरा कळलं. सोळावा आठवडा चालू आहे. सगळं हुकलं का?

नाही. स्वतःला दोष देत बसू नका. १५ ते २० आठवड्यांत क्वाड्रपल मार्कर (रक्तातली चार द्रव्यं मोजणारी स्क्रीनिंग तपासणी) करता येतो आणि एनआयपीटी तर अजूनही होते. ॲनॉमली स्कॅनची वेळ पुढेच आहे. बाळाचं डोकं आणि मांडीचं हाड मोजून तारीख काढता येते, फक्त ती तिसऱ्या महिन्यातल्या मापाइतकी अचूक नसते. आणि तुम्ही जोखमीच्या गटात असाल तर ॲस्पिरिनबद्दल आजच विचारा. २० आठवड्यांच्या आत ती सुरू करावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पुढच्या महिन्यात मात्र तोही दरवाजा अरुंद होईल, म्हणून या आठवड्यातच जा.

बाळंतपण झालं की या फाईलचं काय करायचं?

जपून ठेवा. प्री-एक्लॅम्प्सिया प्रसूतीनंतरही उद्भवू शकतो. बीपी बऱ्याचदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं, नेमकं तेव्हा, जेव्हा साऱ्या घराचं लक्ष बाळाकडे असतं. तेव्हा घरी गेल्यावरही त्या दिवसांत बीपी मोजून घ्या. गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोजची चाचणी पुन्हा करा, कारण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका अशा स्त्रियांत कितीतरी पट जास्त असतो. प्री-एक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या स्त्रीला पुढल्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. चाळिशी-पन्नाशीत छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात जाल तेव्हाही ‘मला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता’ हे सांगायला हवं.

पुढच्या वेळी दिवस गेले, तर हीच फाईल घेऊन आठव्या-दहाव्या आठवड्यात जा. प्री-एक्लॅम्प्सिया पुन्हा होण्याची शक्यता साधारण सहात एक असते आणि तुमचा कधी, किती आठवड्यांत झाला होता, बाळाचं वजन किती होतं, हे त्या कागदांवर लिहिलेलं असेल.